ढगाखालची वीस मिनिटं

उड्डाणाच्या उतारावरचे सगळे पायलट तिला सुईताई म्हणत. पॅराशूटसारख्या कापडी पंखाचं फाटलेलं ग्लायडर, ताणून लांब झालेल्या दोऱ्या, दगडावर घासून झिजलेले पट्टे, काहीही असो, शेवटी ते तिच्याकडेच यायचं. टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तिची कार्यशाळा होती. नऊ मीटर लांबीचं काचेचं टेबल, काचेखाली दिवे, दोन शिलाई मशिनं आणि भिंतीवर रंगीत दोऱ्यांची भेंडोळी. काचेवर कापड पसरलं की टाचणीएवढं भोकसुद्धा उजेडात उघडं पडायचं. दुरुस्त केलेलं प्रत्येक ग्लायडर ती स्वतः एकदा उडवून बघायची आणि मगच मालकाच्या हवाली करायची. अठरा वर्षं हा शिरस्ता तिनं मोडला नव्हता. शिवाय पुढे पाहुणा आणि मागे पायलट असं जोडीचं ग्लायडर उडवण्याचा परवाना तिच्याकडे होता, आणि तशी सातशेच्या वर उड्डाणं तिच्या नावावर होती.

घरात मात्र सासऱ्यांनी या उद्योगाला कधी भीक घातली नव्हती. ते चौतीस वर्षं टॉवर क्रेन चालवून निवृत्त झालेले. साठ मीटर उंचीवरच्या काचेच्या खोलीत बसून त्यांनी अर्ध्या शहराच्या इमारती वर चढवल्या होत्या. उंचीवर जायचं ते कामासाठी, हौसेनं वर जाणाऱ्याच्या डोक्यातला एखादा स्क्रू ढिला असतो, असं त्यांचं स्पष्ट मत होतं आणि ते सुनेसमोर बोलून दाखवायलाही ते कचरत नसत. त्यामुळे एका रविवारी जेवताना ते मीठ मागावं तितक्या सहज म्हणाले, "मला एकदा वर ने," तेव्हा नवऱ्याच्या हातातला घास हातातच राहिला.

"का हो बाबा, आता मध्येच?" तिनं विचारलं.

"जन्मभर वरून बघितलं, पण एका खांबाला बांधलेल्या अवस्थेत. खांब काही हलत नाही. एकदा हलून बघू."

नवरा दातांच्या कवळ्या बनवायचा. दिवसभर प्लास्टरच्या जबड्यांमध्ये डोकं घालून बसणारा, केसाएवढा फरकही ज्याला खपत नाही असा माणूस. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतूनही त्याला गरगरायचं, म्हणून तो कधी उडाला नाही. बायको उडायची तेव्हा उतरण्याच्या मैदानावर रेडिओ घेऊन उभा राहायचा. बाबांचं वय एकाहत्तर, गुडघे कुरकुरणारे, हे त्यानं चार वेळा बोलून दाखवलं. पाचव्या वेळी सासरे डॉक्टरांकडून तपासणीचे कागद घेऊन आले आणि ते त्यांनी मुलाच्या ताटाशेजारी ठेवले. विषय संपला.

त्यानंतर चार दुपारी ते कार्यशाळेत येऊन बसले. कुठली दोरी किती वजनाला तुटते, तुटली तर तिचा भार कुठल्या दोरीवर जातो, शिवण आधी जाते की कापड, असे त्यांचे प्रश्न. आकडे ऐकून त्यांचं समाधान होईना. मग तिनं एक जुनी दोरी मापाच्या यंत्राला लावली आणि त्यांच्यादेखत ताणून तोडली. अठ्ठ्याण्णव किलोला फट्‌ असा आवाज झाला. सासऱ्यांनी तुटलेलं टोक चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाले, "ठीक आहे." लग्नाला एकवीस वर्षं झाली होती. इतकी मोठी शाबासकी तिला त्यांच्याकडून पहिल्यांदाच मिळत होती.

ठरलेल्या दिवशी हवामानाचा अंदाज स्वच्छ होता. चारनंतर डोंगरात वादळी ढग, तोवर काही नाही. तिनं आपल्यापुरता नियम घालून घेतला की साडेबाराला तोंड मैदानाकडे वळवायचं आणि एकच्या आत पाय जमिनीवर. अकराच्या सुमारास दोघं उतारावर उभे राहिले. ती म्हणाली, पळा, आणि सासरे असे पळाले की गुडघे घरी खुंटीला टांगून आले असावेत. सहाव्या पावलाला पायाखालची जमीन गेली.

ती त्यांच्या पाठीमागे बसलेली, त्यामुळे तिला फक्त त्यांचं हेल्मेट आणि दोन कान दिसत होते. चढत्या वाऱ्यात गोल गोल फिरत ती दोघं सुळक्यांच्या बरोबरीला आली. खाली गवताळ पठारं, त्याखाली झाडी, आणि अगदी तळाशी लाकूड कापायच्या कारखान्याचं धुराडं.

"क्रेनवर वारा आला की काच थरथरते," सासरे म्हणाले. "इथे आपण वाऱ्यातूनच चाललोय, तरी काही जाणवतच नाही."

"जाणवेल, जाणवेल," ती हसून म्हणाली.

साडेबारा वाजले तेव्हा त्यांनी हात लांब करून डोंगराच्या खांद्यावरचं बर्फ दाखवलं आणि तिथपर्यंत जाता येईल का, असं विचारलं. आयुष्यात या माणसानं तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. तिनं आकाशाकडे नजर टाकली. डोक्यावर पिंजलेल्या कापसाएवढे ढग होते, इतकंच. एरवी पाहुण्याला तिनं गोड शब्दांत नाही म्हटलं असतं. त्या दिवशी ती म्हणाली, "वीस मिनिटं. त्याच्यावर एकही नाही."

ती वीस मिनिटं सुंदर गेली, हे तिनं पुढेही कधी नाकारलं नाही. बर्फाच्या कडेवरून ती इतक्या जवळून गेली की त्यावरच्या भेगा मोजता याव्यात. पण मुख्य कड्याच्या मागे, दोघांच्याही नजरेआड, एक ढग तेवढ्याच वेळात चढत होता. अंदाजातल्या चार वाजण्याची त्यानं वाट पाहिली नाही.

पहिल्यांदा लक्षात आलं ते सासऱ्यांच्या. "त्या धुराड्याचा धूर बघ," ते म्हणाले. "मघाशी डोंगराकडे वाकत होता. आत्ता सरळ उभा राहिलाय." ती बघते आहे तोवर धूर हळूहळू उलट दिशेला कलला आणि आडवा झाला. त्याच वेळी तिच्या मांडीवरचं उंची मोजणारं यंत्र टीटी करू लागलं. वर चढायला लागलं की ते वाजतं. चढण्याचा वेग वाढला की घाई करतं. आता ते घाई करत होतं. ती दोघं काहीही न करता लिफ्टमध्ये उभं असल्यासारखी वर निघाली होती. दोघांवर सावली पडली. तिनं मान वर केली, तर कापसाच्या जागी एक सपाट, शाईच्या रंगाचा तळ पसरला होता.

रेडिओवर नवऱ्याचा आवाज आला. जबड्याचं माप सांगतो तशा सुरात तो बोलत होता. "ऐक. कड्यामागे काळं आहे, मला त्याचं टोक दिसतंय. इथली वाऱ्याची दिशा दाखवणारी झोळी उलटी फिरलीय आणि रस्त्यावरून धुळीची भिंत येतेय. तू इकडे येऊ नकोस."

"बरं. मी वरच्या पठारावर उतरते."

"वरच्या पठारावर," त्यानं परत म्हणून खात्री करून घेतली आणि गप्प राहिला. तिच्या कामात व्यत्यय नको, हे त्याला कळत होतं.

आता एकच प्रश्न होता, खाली जायचं कसं. तिनं ग्लायडरची दोन्ही टोकं दोऱ्या ओढून आत दुमडली. पंख आखूड झाला की तो लवकर खाली येतो. एरवी. त्या दिवशी टोकं दुमडूनही यंत्र वाजतच राहिलं. पठार त्यांच्यापासून हजार मीटर खाली आणि ढगाचा तळ जेमतेम दोनशे मीटर वर. ढगात गेलेलं एक ग्लायडर दोन वर्षांपूर्वी तिच्या टेबलावर आलं होतं. पायलट वाचला होता. दोन बोटांची टोकं मात्र गारठून गेली ती गेलीच. त्या कापडाच्या शिवणी आतून कशा उसवल्या होत्या, हे तिला तोंडपाठ होतं.

तिचे हात कार्यशाळेतल्या टेबलावर असतात तसेच राहिले. उपाय तिला ठाऊक होता आणि तिनं तो शेकडो वेळा केलेला होता. पंख एका बाजूला कलता करून जोरात गिरकी घ्यायची, स्क्रू घुसतो तसं खाली उतरायचं. अडचण एवढीच की त्या गिरकीत अंगावर तिप्पट भार येतो, डोक्यातलं रक्त पायात उतरतं, आणि पुढे बसलेला माणूस एकाहत्तर वर्षांचा होता.

"बाबा, नीट ऐका. ढग आपल्याला आत ओढतोय. मला गिरक्या घेत खाली जावं लागेल. अंगावर तिप्पट वजन आल्यासारखं वाटेल, डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते."

"किती वेळ?"

"अर्धा मिनिट. मग थोडा दम. मग परत अर्धा मिनिट. तीनदा तरी."

"आणि नाही घेतल्या तर?"

"तर ढगात."

त्यांनी मागे वळून बघायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही. "मग मला विचारत काय बसलीस? मी काय करायचं तेवढं सांग."

पोट आणि मांड्या आवळून धरा, हनुवटी छातीला लावा आणि श्वास तोडत तोडत घ्या, असं तिनं सांगितलं. दुमडलेली टोकं मोकळी केली, वजन उजवीकडे टाकलं आणि उजवा ब्रेक, म्हणजे पंखाची मागची कड खाली खेचणारी दोरी, ओढत नेला. पहिलं वर्तुळ सैल गेलं. दुसऱ्यात डोंगर तिरका झाला. तिसऱ्यात क्षितिज राहिलंच नाही. खालची हिरवी जमीन एका बिंदूभोवती गरगरू लागली आणि गाल खाली ओढले गेले. यंत्राचा आवाज घसरत भोंग्यासारखा झाला, म्हणजे उतरत होते. तिनं मोठ्यानं आकडे मोजले. तिसाला हळूहळू ब्रेक सोडून गिरकी सैल केली. तीनशे मीटर कमावले होते. पंख सरळ होताच वारा पुन्हा उचलू लागला आणि त्यातले पन्नास परत गेले.

"बाबा?"

हेल्मेट एका बाजूला कललेलं. तिनं मुठीनं त्यावर ठोकलं. "बाबा!"

उजव्या हाताचा अंगठा सावकाश वर आला. "जीभ चावली," ते म्हणाले. "चालू दे."

दुसऱ्या गिरकीत त्यांनी तिच्याबरोबर आकडे मोजले, एकेक आकडा दातांतून बाहेर ढकलत. अठ्ठाविसाला आवाज बारीक झाला, पण थांबला नाही. तिसरी तिनं पठाराच्या बाहेरच्या अंगाला घेतली आणि बाहेर पडली तेव्हा वरची ओढ सुटली होती. हवा क्षणभर इतकी शांत झाली की ते तिला अजिबात आवडलं नाही. पठार आता दोनशे मीटर खाली होतं. कड्यापासून लांब, झाडांपासून लांब, मोकळ्या गवतावरची एक जागा तिनं हेरली.

"जमिनीला पाय लागले की पळायचं नाही," ती म्हणाली. "ढुंगणावर बसायचं. दगडासारखं."

"ते येतं मला."

शंभर मीटरवर असताना खालच्या दरीतून झाडांचे शेंडे एकामागोमाग वाकताना दिसले, आणि वारा भिंतीसारखा येऊन आदळला. डोक्यावर फडाड्‌ असा आवाज झाला. पंखाची उजवी बाजू चुरगळून खाली लोंबली, दोघं उजवीकडे भेलकांडली. तिनं सगळं वजन डावीकडे टाकलं, डावा ब्रेक थोडाच ओढला, जेवढा लागतो तेवढाच, आणि उजवा एकदा खोलवर ओढून सोडला. कापड फुटाण्यासारखं वाजत उघडलं. हे लिहायला जितका वेळ लागतो त्याच्या निम्म्यात आटपलं. त्यानंतर तिनं वाऱ्याकडे तोंड धरून ठेवलं एवढंच. ती दोघं जवळजवळ सरळ खाली येत होती, आणि शेवटच्या दहा मीटरांत तर चक्क मागे मागे.

पाय लागले. सासरे बसले, आणि असे बसले की नव्वद किलोंचा नांगर पडला म्हणावं. तिनं मागच्या दोऱ्यांचे पट्टे दोन्ही हातांनी छातीशी ओढले. पंख फुगायला बघत होता, पंधरा-वीस पावलं दोघांना गवतातून फरपटत घेऊन गेला, मग ढेपाळला. तिनं कड्या सोडवल्या, धावत जाऊन कापडावर पालथी पडली आणि हातापायांनी ते गोळा करत राहिली. मागे बघते तर सासरे रांगत येऊन दुसऱ्या टोकावर बसलेले.

पठारावर मेंढपाळांची एक दगडी खोपी होती, बिनदाराची, आत जनावरांसाठी ठेवलेली मिठाची पोती. ती दोघं तेवढ्यात कोसळलेल्या पावसानं ओलं झालेलं कापड ओढत तिथे पोचली आणि मागोमाग गारा सुरू झाल्या. सुपारीएवढ्या. कड्यावर वीज दोनदा पडली; दुसऱ्या वेळी भिंतीचे दगड हलल्यासारखे वाटले. तिनं रेडिओ तोंडाशी धरला.

"दोघं खाली. खोपीत आहोत. धड आहोत."

रेडिओ खरखरला. मग, "ऐकलं." आणि आणखी थोड्या वेळानं, "बाबांना गुंडाळून ठेव. मी गाडी घेऊन पायवाटेच्या तोंडाशी येतोय."

सासऱ्यांचे दात वाजत होते, ओठाच्या कडेला रक्त सुकलं होतं. तिनं ग्लायडरचा कोरडा भाग त्यांच्याभोवती तीन पदर गुंडाळला आणि स्वतः त्यांना चिकटून बसली. बाहेर गवत पांढरं होत होतं. मनात होतं ते तिनं तिथेच बोलून टाकलं.

"बाबा, ती वीस मिनिटं माझी चूक. साडेबाराला मी परतायला हवं होतं. तुमच्या जागी दुसरा कुणी असता तर परतलेही असते."

त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. नोकरीच्या अकराव्या वर्षी वारा वाढला होता, पाळी संपत आली होती, आणि खालचा मुकादम म्हणाला की काँक्रीटची एकच बादली राहिलीय. चांगला माणूस होता, त्याला नाही म्हणवेना. बादली झुलत गेली आणि शिडीवर आदळली. शिडीच्या चार पायऱ्या वाकल्या. दोन मिनिटांपूर्वी त्या शिडीवरून एक जण उतरला होता.

"हे मी घरी कुणाला सांगितलं नाही. तुझ्या सासूलाही नाही."

"मग काय केलंत?"

"दुसऱ्या दिवशी काचेवर रंगानं एक आकडा लिहिला. वारा त्याच्यावर गेला की काम बंद, मग खाली देव उभा असला तरी. तेवीस वर्षं पाळला." त्यांनी चावलेली जीभ तोंडात फिरवली. "चूक तुझी होती, ते बरोबर. मीही मागायला नको होतं. पण पुढचं सगळं तू चोख केलंस. चार दुपारी तुझे हात बघत होतो, म्हणून आज डोळे मिटून बसता आलं."

तिनं कापडाचा पदर त्यांच्या मानेशी आणखी घट्ट खोचला.

तासाभरानं आकाश धुतल्यासारखं निवळलं. चाळीस किलोचं ओझं खोपीत ठेवून ती दोघं पायवाटेनं खाली निघाली, ती पुढे, सासरे तिच्या खांद्यावर हात टेकून मागे, कारण गुडघे परत आले होते. दोन वळणं उतरली असतील तोच नवरा वर येताना दिसला. उंच कड्यावरची ती अरुंद वाट. एका हातानं डोंगर चाचपत, खाली अजिबात न बघता तो चढत होता, चेहरा प्लास्टरसारखा पांढरा. त्यानं आधी वडिलांचे खांदे, कोपर, मनगटं दाबून बघितली, मग तिची.

घरी जाईपर्यंत थांबावं, असं तिला वाटलं नाही. तिथेच, वाटेवर उभ्या उभ्या, तिनं वीस मिनिटांचं त्यालाही सांगितलं.

तो ऐकून घेऊन म्हणाला, "साडेबाराला मला त्या कड्यामागे एक पांढरं टोक दिसलं होतं. तू उडत असताना बोलू नये म्हणून मी गप्प बसलो. यापुढे दिसलं की बोलणार. आणि मी परत ये म्हटलं की यायचं. चर्चा खाली."

"चर्चा खाली," ती म्हणाली.

गाडीत त्यानं कोरडे कपडे आणले होते, पण घाईत कपाटातून निघाल्या त्या त्याच्याच तीन पँटी. तिघं एकसारख्या राखाडी पँटी घालून घरी आली.

ओझं दुसऱ्या दिवशी दोन पायलटांनी उतरवून आणलं. एवढं ओलं कापड कार्यशाळेत मावेना, म्हणून तिनं ते घराच्या इमारतीच्या जिन्यात टांगलं, चौथ्या मजल्यापासून खालपर्यंत, आणि शेजारी राखीव पॅराशूटही उघडून सोडलं. शेजारीपाजारी पडदा बाजूला सारावा तसं ते सारून ये-जा करत होते. सासरे दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले होते. फरपटताना दगडांनी पडलेली भोकं ते उजेडात शोधायचे आणि प्रत्येकाभोवती खडूनं वर्तुळ करायचे. संध्याकाळपर्यंत एकतीस झाली. तळमजल्यावरच्या शिक्षिका बाईंनी जाता जाता विचारलं, की हे एवढं फाटलेलं कापड पुन्हा वापरायचं असतं का?

"वापरायचं म्हणजे?" सासरे चष्मा सावरत म्हणाले. "दुरुस्त कोण करणार आहे ते माहीत आहे ना तुम्हाला?"

वरच्या मजल्यावर कठड्याशी उभ्या असलेल्या सुईताईनं ते ऐकलं. तिनं दोरी आणखी हातभर खाली सोडली, म्हणजे बत्तिसावं भोक त्यांच्या हाताला येईल.